पदकाची कड

खंडेनवमीला सातारा-कोल्हापूरकडच्या किंवा तळकोकणातल्या कितीतरी घरांत तलवार, भाला, कोयता यांच्या जोडीला एक छोटी डबीही पाटावर येते. डबीत पणजोबांचं पदक, बहुधा पहिल्या महायुद्धातलं. आदल्या दिवशी ते चिंचेच्या कोळानं, राखेनं, हल्ली बाजारातल्या पावडरीनं लख्ख घासलेलं असतं. हळद-कुंकू लागतं, झेंडूचं फूल पडतं आणि घरातलं एखादं पोर विचारतं, हे कशाबद्दल मिळालं? उत्तर ठरलेलं. शौर्याबद्दल. राजानं दिलं. कुठे, कोणत्या साली, कोणत्या पलटणीत, यावर मात्र थोरल्यांचं आपसात जमत नाही. एक बसरा म्हणतो, दुसरा बर्मा, तिसऱ्याला फ्रान्स आठवतं. तेवढ्यात आरती होते आणि डबी पुन्हा ट्रंकेत जाते. खुपतं ते एवढंच की त्या पोराच्या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर पदकावरच ठोकलेलं असतं आणि ते वाचायला पदक आडवं धरण्याचं कुणाच्या मनात येत नाही.

एका पदकावर पुढे राजाचा चेहरा आणि मागे घोडेस्वार, दुसऱ्यावर पुढे पंखवाली देवी आणि मागे नुसता मजकूर. ही दोन्ही अंगं लाखो पदकांवर एकसारखी. आपला माणूस सापडतो तो कडेवर. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण या क्रमानं मजकूर असतो. समजा, ‘२३१५ सिपॉय सखाराम मोरे, १-१०३ इन्फ्री.’ म्हणजे एकशे तिसऱ्या पलटणीची पहिली बटालियन, नंबर २३१५. लढाईच्या काळात जुन्या पलटणींच्या दुसऱ्या बटालियनी उभ्या राहिल्या, म्हणून आधी तो एक किंवा दोन. हिंदी फौजेची पदकं कलकत्त्याच्या टांकसाळीत तयार झाली. तिथली अक्षरं विलायती अक्षरांपेक्षा बारीक आणि उथळ, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या घासण्यानं ती लवकर जातात. म्हणून पहिली गोष्ट, पदक घासायचं नाही. काळं पडलेलं काळंच राहू द्यावं. त्या काळेपणातच अक्षरं उठून दिसतात. धूळ असेल तर मऊ सुती फडकं पुरतं. वाचताना वरून उजेड नको, टॉर्च कडेला जवळजवळ समांतर धरावा, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडते. पदक थोडं थोडं फिरवत मोबाइलनं चार-पाच फोटो काढावेत, एकातलं शेवटचं अक्षर पुढच्यात पहिलं यावं असे. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं, असं करू नये. ३ आणि ८, १ आणि ७ यांत घोटाळा होतो, आणि पुढचा सगळा शोध त्या नंबरावर उभा असतो. पदक ताऱ्याच्या आकाराचं, म्हणजे नुसता ‘तारा’, असेल तर त्याला कड नसते. तो उलटा करावा, सपाट पाठीवर तीन ओळींत हाच मजकूर मिळतो.

आता ते शौर्य.

पहिल्या महायुद्धाच्या घरोघरी सापडणाऱ्या तीन पदकांपैकी एकही शौर्यपदक नाही. सेवेत होता, अमुक काळात अमुक ठिकाणी होता, एवढंच ती सांगतात. घोडेस्वाराचं चांदीचं पदक ते ब्रिटिश वॉर मेडल. ते सुमारे ६५ लाख लोकांना मिळालं. पंखवाल्या देवीचं, दुहेरी इंद्रधनुष्याच्या फितीचं ते व्हिक्टरी मेडल, सुमारे ५७ लाख. तारा दोन प्रकारचा. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९१४ मध्ये फ्रान्स-बेल्जियमला पोहोचलेल्यांचा १९१४ चा, आणि १९१५ अखेरपर्यंत कुठल्याही रणक्षेत्रावर पाऊल ठेवलेल्या इतरांचा १९१४-१५ चा. हे कळलं की घरातला एखादा म्हातारा गप्प होतो, एखादा चिडतो, आणि दोन्ही समजण्यासारखं आहे. तीन पिढ्या ज्याच्या बळावर मान ताठ ठेवली ते पदक ६५ लाखांत एक निघालं. पण खरं सांगायचं तर शौर्याची कथा पदकानं रचलेली नाही, घरानं रचली. पदक पहिल्यापासून कडेवर खरं तेच सांगत होतं.

खरं शौर्यपदक ओळखणं अवघड नसतं. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट १८३७ पासूनचं. ते आठ टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचं असतं, आणि फीत गडद निळी, कडा किरमिजी. इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल १९०७ चं, गोल, चांदीचं. मागे पानांच्या मंडलात ‘फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस’ अशी अक्षरं, फितीचा मधला पट्टा किरमिजी आणि दोन्ही बाजू निळ्या. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायांना १९११ पासून खुला झाला. फितीवरून मात्र निष्कर्ष काढू नये. जुनी फीत सडते आणि कोणीतरी हाताला लागेल ती बांधतं. आणि एक बारीक वस्तू तपासावी, व्हिक्टरी मेडलच्या फितीवर ओकच्या पानाची छोटी काशाची टिकली. ती असली तर सेनापतीच्या खलित्यात त्या माणसाचा नावानिशी उल्लेख झालेला आहे. शौर्याच्या नावाखाली घरात जे सांगितलं जातं त्याचं मूळ कधी कधी या टिकलीत असतं. ती फितीबरोबर हरवते आणि कथा तेवढी उरते.

डबीत जे नाही तेही वाचता येतं. व्हिक्टरी मेडल एकटं कधीच दिलं गेलं नाही. ज्याला ते मिळालं त्याला ब्रिटिश वॉर मेडल मिळालंच. तारा मिळालेल्याला पुढची दोन्ही मिळाली. उलट दिशेनं हे लागू नाही. देशाबाहेर सेवा केली पण रणक्षेत्रात गेला नाही, अशा माणसाकडे नुसतं वॉर मेडल असू शकतं. म्हणजे डबीत तारा आणि देवी आहेत आणि चांदीचं नाही, तर ते सरकारनं दिलं नव्हतं असं समजू नये. बहुधा ते सोनाराकडे गेलं. तिघांत चांदीचं तेवढं तेच होतं, आणि दुष्काळाच्या साली किंवा लग्नाच्या हंगामात एवढी चांदी कामाची होती. काही ठिकाणी त्याला कडी डाखवून बायकांच्या गळ्यात घातलेलं दिसतं. डाख देताना कड तापते आणि एक-दोन अक्षरं विरघळतात. नेमकी तीच नंबराची असली की संपलं.

डबीत पदकांची भेळही असते. फारसी अक्षरांचं एक मोठं चांदीचं पदक निघतं आणि घर त्याला निजामाचं ठरवून मोकळं होतं. ते बहुतेक वेळा १९११ च्या दिल्ली दरबारचं असतं. पुढे राजाराणी, मागे फारसी मजकूर, आणि कडेवर सहसा काही नाही. त्याचा कुठल्याही लढाईशी संबंध नाही.

मराठा पलटणींच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ घालतं ते १९२२ साल. त्या वर्षी जुने क्रमांक मोडून नव्या रेजिमेंट बांधल्या गेल्या. १०३ वी ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी प्रशिक्षणाची दहावी. आता एकाच माणसाच्या वॉर मेडलवर ‘११७ मराठाज’ आणि पुढे सरहद्दीवरच्या मोहिमेच्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलवर ‘५-५ मराठा एल. आय.’ असं येतं. घर म्हणतं दोन पलटणी, म्हणजे दोन माणसं, म्हणजे एक पदक चुलत पणजोबांचं. तसं काही नाही. पलटण तीच, पाटी बदलली. मात्र १९२२ आधीचा नंबर हा त्या त्या पलटणीपुरता असे. ११० व्या पलटणीत २३१५ आणि ११४ व्या पलटणीतही २३१५ असे दोन वेगळे मोरे असू शकतात. बदली झाली की नवा नंबर. म्हणून नंबर आणि पलटण ही जोडी फोडायची नाही, कुठेही लिहिताना एकत्रच लिहायची. इराकमध्ये १९१९-२० साली असलेल्यांना जनरल सर्व्हिस मेडल मिळालं, त्यावरच्या पट्टीवर ‘इराक’ असं लिहिलेलं असतं. ही पट्टी सापडली की लढाई संपल्यावरही माणूस वर्ष-दोन वर्षं घरी आलेला नव्हता हे कळतं. बाळाच्या जन्मसालाचं कोडंही कधी कधी तिथेच सुटतं, आणि कधी नवंच पडतं.

कागदांचा रस्ता दोन दिशांनी जातो, लंडनला आणि बेळगावला. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पदकांच्या कार्डांचा मोठा संग्रह आहे. एकेका माणसाचं एक छोटं कार्ड, त्यावर पलटण, हुद्दा, नंबर, कोणती पदकं आणि ती कोणत्या यादीच्या कोणत्या पानावर. त्यात हिंदी सैनिकांची कार्डंही आहेत, पण सगळ्यांची नाहीत. हिंदी शिपायांची पदकं हिंदुस्थान सरकारनं इथूनच वाटली. म्हणून तिथे नाव नसणं हा कशाचाच पुरावा नव्हे. इंटरनेटवर दोन तास घालवले की आणखी एक बातमी हाती लागते, १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधले बहुतेक सेवा-कागद जळाले, आणि माणूस हताश होतो. ते जळाले ते ब्रिटिश फौजेचे. आपल्या शिपायाचा कागद त्या इमारतीत कधी नव्हताच. १९१४ पूर्वीच्या मोहिमांच्या पदकांच्या याद्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत, पण त्याही याद्याच. शिपायाचं वय, उंची, बापाचं नाव, गाव हे ज्या शीट रोलमध्ये असे, तो पलटणीकडे राहिला.

म्हणून बेळगाव. मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहिताना लोक दोन पानं भावना लिहितात आणि नंबर विसरतात. तिथल्या अभिलेख कार्यालयातल्या माणसाला लागतात त्या गोष्टी थोड्या आहेत. नंबर-पलटण, हुद्दा, नावाची शक्य ती सगळी इंग्रजी स्पेलिंगं, वडिलांचं नाव, गाव-तालुका-तेव्हाचा जिल्हा, नाव कमी झाल्याचं, म्हणजे नोकरी सुटल्याचं, अंदाजे साल, कडेचे फोटो, आणि आपलं नातं दाखवणारा एखादा कागद. मूळ पदक किंवा डिस्चार्जचा मूळ कागद पोस्टानं कधीही पाठवू नये. शंभर वर्षांपूर्वी घरी आलेल्या शिपायाचा पूर्ण कागद मिळण्याची आशा थोडीच धरावी. लाँग रोलच्या, म्हणजे पलटणीतल्या माणसांच्या यादीच्या, नोंदवहीतली एक ओळ मिळाली तरी तिच्यात भरतीचं आणि नाव कमी झाल्याचं साल निघू शकतं. शिपाई खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर दलाचा, असेल तर चौकशी खडकीला. फ्रान्सला १९१४ च्या ऑक्टोबरात न्यूव्ह शापेलला लढले ते त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांचे लोक. महार पलटण असेल तर आणखी काळजी घ्यावी. पहिल्या महायुद्धातली ती १११ महार्स, १९१७ ला उभारली आणि १९२१ ला मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची, तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला. दोन्हींच्या मध्ये वीस वर्षांचं रिकामं पान आहे.

स्पेलिंगचं काय करायचं? भरतीच्या मुक्कामावर कारकुनाला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं. पलटणीच्या स्वतःच्या नावात, मराठा या शब्दात, इंग्रजांनी एक जादा ‘एच’ आणि दोन ‘टी’ घालून ठेवले होते, तिथे एका शिपायाच्या आडनावाची काय कथा. जाधवचं शेवटचं अक्षर ‘व्ही’ किंवा ‘ओ’, मधला ‘एच’ असेल-नसेल. शिंदेचा ‘एच’ गळतो. ळ चा ल होतोच. म्हणून शोधताना पूर्ण नाव टाकू नये, पहिली तीन-चार अक्षरं आणि पलटण टाकावी. राव, जी हे मानाचे शेपूट काढून टाकावेत. घरात रामजीराव असलेला माणूस पलटणीत नुसता रामा असू शकतो. आडनावाच्या जागी बापाचं नाव किंवा आडनाव अजिबात नाही, हेही धरून चालावं.

माणूस परत आलाच नसेल तर काम काहीसं सोपं होतं, हे म्हणायला नको वाटतं पण तसंच आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांच्या नोंदी फुकट शोधता येतात, आणि हिंदी शिपायाच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी बॉम्बे असं येतं. एवढी ओळख पदक देत नाही. फक्त जिल्हा आजचा टाकायचा नाही. मालवण-सावंतवाडीकडचा परिसर १९८१ साली सिंधुदुर्ग झाला, तेव्हा मालवणचा माणूस रत्नागिरीत शोधावा. रायगड तेव्हा कुलाबा. तासगाव, वाळवा, खानापूर ही आज सांगलीची गावं त्या नोंदींत साताऱ्याखाली सापडतात. संस्थानातला माणूस असेल तर जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव पाहावं. ‘बसरा मेमोरियल’ असं लिहिलेलं दिसलं तर तिथे समाधी आहे असं समजू नये. ज्यांची कबर किंवा दहनाची जागा माहीत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचं ते स्मारक आहे. त्याच्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांचे पलटणीनुसार आकडे. नावं वहीत राहिली. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर मात्र हिंदी शिपायांची नावं आहेत. फ्रान्सला पडला तर नाव, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडला तर आकडा. आपल्या गावांतल्या संगमरवरी पाट्याही आकड्यांच्याच. या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, १९१४ ते १९१९. त्या पाटीवरचा दुसरा आकडा आणि कमिशनच्या नोंदीत गावाच्या नावानं निघणारे लोक यांचा मेळ घालून पाहावा. क्वचितच बसतो, कारण गावाच्या नावाचंही स्पेलिंग त्याच कारकुनानं केलेलं असतं.

मेसोपोटेमियातल्या कूट या गावाला तुर्कांनी घातलेला वेढा नोंदींत कसा दिसतो, हे पाहिलं की पदकांच्या कागदांची मर्यादा कळते. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या होत्या. उपासमार झाली, शेवटी सुमारे तेरा हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले, आणि वाळवंटातल्या त्या चालीत आणि पुढच्या छावण्यांत हजारो मेले. जो वाचून गावी आला त्याला तारा, वॉर मेडल, व्हिक्टरी मेडल. जो बसऱ्याच्या धक्क्यावर बारदानं मोजत राहिला त्यालाही तीच तीन. कैदेचं वेगळं पदक नाही, पट्टी नाही. देवीच्या पदकाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, हे महायुद्ध संस्कृतीसाठी झालं. हा माणूस कूटमध्ये होता का, हे ताडून पाहायचं असेल तर त्याच्याकडे १९१४-१५ चा तारा असायलाच हवा. तारा मिळालाच नव्हता, म्हणजे १९१५ नंतर आला, आणि कूटची गोष्ट त्यानं दुसऱ्याकडून ऐकलेली. तारा आहे म्हणून तो आत होताच, असं मात्र सिद्ध होत नाही. त्यासाठी पलटणीची युद्ध-डायरी बघावी लागते, आणि डायरीत शिपायांची नावं जवळजवळ नसतातच.

दुसऱ्या महायुद्धाचं थोडक्यात. ब्रिटिशांनी आपल्या लोकांचे तारे नावाविना वाटले, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर नाव ठोकलं गेलं, हे आपलं नशीब. आफ्रिका स्टारसाठी इरिट्रियातली केरनची लढाईही धरली जाते. इटली स्टार असेल तर १९४३ च्या जूननंतर, आणि बहुधा मराठ्यांची पहिली, तिसरी किंवा पाचवी बटालियन. निळ्या छटांच्या फितीचं इंडिया सर्व्हिस मेडल म्हणजे तीन वर्षं देशातली नोकरी. ते डबीत दिसलं की बर्म्याची कथा जरा हळू आवाजात सांगावी. बर्मा स्टार शेजारी असला तर हरकत नाही.

आणि एखाद्या डबीत वॉर मेडल चांदीचं नसून काशाचं निघतं. तोच घोडेस्वार, तोच राजा, रंग तांबूस. घरच्यांना वाटतं सोनारानं बदललं, किंवा नकली आहे. ते अस्सल असतं. अशी सुमारे एक लाख दहा हजार दिली गेली, मुख्यतः चिनी, माल्टी आणि हिंदी मजुरांच्या तुकड्यांना आणि फौजेमागच्या चाकर मंडळींना. कडेवर सिपॉयच्या जागी ‘फॉलोअर’ किंवा ‘लेबरर’ असं, बऱ्याचदा आखूड करून. पाणी वाहणारे, खेचरं हाकणारे, रस्ते खोदणारे, मढी उचलणारे. नातवंडांना तो शब्द वाचून दाखवला की एक क्षण शांतता पडते आणि मग कोणीतरी म्हणतं, पण पणजोबा तर शिपाई होते ना. इथे घराची कथा आणि कड यांत कडेवर भरवसा ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक पत्रात तोच शब्द लिहावा. या माणसांची चौकशी बेळगावला करून उपयोग नाही, ती कुठल्या पलटणीच्या लाँग रोलवर नव्हती. कडेवर तुकडीचा नंबर असेल तर तो धरून कमिशनच्या नोंदींत मजूर तुकड्या वेगळ्या पाहाव्यात. तो परत आला असेल, तर तहसीलमधलं जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, सातबाऱ्याचे फेरफार आणि शाळेच्या दाखल्यातलं बापाचं नाव, यांवरच काम भागवावं लागतं.